काठाचं फडकं

आज कपाट आवरताना माझ्या लेकीचं, सईचं जुनं झोकिन सापडलं. झोकिन म्हणजे इथे जपानमध्ये मुलं शाळेची फरशी पुसायला घरून नेतात ते जाडसर फडकं. त्याचा नारायणपेठी काठ पार विटलाय, साबणाचा वास मात्र तसाच. त्या वासासरशी टोकियोजवळच्या उरायासुतली ती दुपार आठवली.

सईसाठी इंटरनॅशनल स्कूलचं माहितीपत्रक घेऊन मी शेजारच्या डेनिसकडे गेले होते. डेनिस अमेरिकेतली, कृष्णवर्णीय. पत्रकाच्या पहिल्याच पानावर तिची रूबी हसत होती.

"काढलं मी तिला तिथून," शिवणयंत्रावरून मान वर न करता डेनिस म्हणाली. "बाकी सगळी गोरी मुलं. फोटोला रूबी पुढे, वाढदिवसाला कुणी बोलावत नाही. आता इथली सरकारी शाळा."

"तिथेही ती वेगळीच दिसेल ना?"

"दिसू दे. फरशी तर सगळ्यांबरोबर पुसेल!"

आज कबूल करते, त्या पत्रकातले गोरे चेहरेच मला हवे होते. स्वतःचाच संताप आला. घरी येऊन सईच्या झोकिनसाठी साडी कापायला घेतली, तोच पुण्याहून सासूबाईंचा फोन. सईलाही सरकारी शाळेत घालतेय, फरशी पुसायचं फडकं शिवतेय, असं त्यांना सांगितलं.

"जपानला जाऊन आमची नात लादी पुसणार?"

"हो आई," कात्री चालवत मी म्हटलं, "तुम्ही दिलेल्या नारायणपेठीनं."