वाणातली नळी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, हा आमच्या गल्लीत दरवर्षी अब्रूचा प्रश्न असतो. वाट्या झाल्या, डबे झाले, समोरचीनं तर एकदा बादल्या वाटून आम्हा सगळ्यांची पंचाईत करून ठेवली. त्या वर्षी मात्र मी सगळ्यांवर कडी केली.

मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई डॉक्टर. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर त्यांचा अभ्यास चालला होता. तपासणीला बायका दवाखान्यात येत नाहीत, तर त्या स्वतःच नमुना घेतील का, हे त्यांना बघायचं होतं. इतक्या बायका एकत्र कुठं भेटतील, असं त्यांनी विचारल्यावर मी फुशारकीनं म्हणाले, "माझ्याकडं. हळदीकुंकवाला."

म्हणून वाणात चहाच्या गाळणीबरोबर एक नळी आणि बारीकसा ब्रश. डॉक्टरबाईंनी चित्र दाखवून सगळं समजावलं. आणि हसण्याचा एकच गदारोळ उडाला.

"ह्ये घरी न्हेऊन मालकास्नी काय सांगू?" समोरचीनं विचारलं.

"घरी कशाला? इथंच न्हाणीत जाऊन या," मी म्हणाले.

झालं, न्हाणीपुढं रांग लागली. भरजरी पदर सावरत बायका आतलीला बाहेरून सल्ले देत होत्या. "हुतंय की, दार कशाला बडवालीस?" असं आतून उत्तर येत होतं.

मी बशा आणायला स्वयंपाकघरात गेले. तिथं अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, भडंग परतत होत्या. भावजी गेल्यापासून हळदीकुंकवाची सगळी तयारी अक्कांनी करायची आणि बाहेर मात्र यायचं नाही, असं चालत आलेलं. मला त्याचा राग यायचा. अक्कांना येत नाही, याचा जास्त यायचा.

अक्कांचा आवाज चार घरं ऐकू जाणारा. त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "पाळी जाऊन इतकी वर्सं झाली, आन् आता परत अंगावरनं लाल जातंय. उष्णता आसंल न्हवं?"

मी बशा खाली ठेवल्या. "कधीपासून?"

"दसऱ्यापास्नं."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? आसल्या गोष्टीचं काय हळदीकुंकू करत्यात व्हय?"

"आज केलंय की," मी म्हणाले. "चला बाहेर."

"सवाष्णी बसल्यात. मी न्हाय येत."

मग डॉक्टरबाईंनाच आत आणलं. शेगडीजवळ पाटावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अक्का, तुम्हाला नळी नको. उद्या सकाळी थेट दवाखान्यात या." मग दारातून बाहेरची रांग न्याहाळून मला म्हणाल्या, "विधवा एकही नाही इथं. माझ्या अभ्यासातून त्याच सुटल्या असत्या की."

कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. मी खूप रडले. अक्का मला म्हणाल्या, "पेशंट कोन हाय, तू का मी?"

पुढच्या संक्रांतीला आमंत्रणं द्यायला अक्काच गल्लीत फिरल्या. ज्यांच्या दारात कधी कुणी जात नव्हतं, त्यांच्याकडं आधी गेल्या. "कुंकवाचं मागनं बघू. नळी घ्यायला या," असं दारात उभं राहून, चार घरांना ऐकू जाईल असं सांगितलं. आल्या की सगळ्या.

भडंग त्या वर्षी मी केलं. बशा फिरल्या आणि अक्कांचा आवाज आला, "मीठ लई झालंय गं."

आवाज बैठकीतून आला होता.