काका आणि पॅराशूट

वर गेलेली वस्तू खाली आली की उचलून आणायची, एवढंच माझ्या काकाचं काम. शास्त्रज्ञ मंडळी अवाढव्य फुग्याला एक पेटी टांगून, हवा जवळजवळ संपते तिथपर्यंत सोडतात. अंतराळातून येणारे इलेक्ट्रॉन आणि त्यांची उलट्या विद्युतभाराची जुळी भावंडं, पॉझिट्रॉन, दाट हवेत शिरले की वाटेतच अडतात. म्हणून त्यांना वरच गाठावं लागतं. पेटीतलं चुंबक एकाला डावीकडे वळवतं, दुसऱ्याला उजवीकडे. मोजणी झाली की पेटी पॅराशूटने उतरते आणि काका ट्रक घेऊन तिच्यामागे. काकू हे सगळं एका दमात सांगायची, "आमचे हे फुगे गोळा करतात."

तिचा खरा राग मात्र काकाच्या पोटावर. ते स्टिअरिंगला टेकत असे. डॉक्टरांनी दटावल्यापासून ती ताटात निम्मंच वाढायची आणि उरलेलं निम्मं काका कँटीनमध्ये वसूल करायचा.

त्या उड्डाणात अर्ध्यातच रेडिओ मुका झाला. आकडे खाली येईनात. जे काही होतं ते पेटीतल्या डिस्कवर. पेटी बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख मॅडमनी तिच्यापायी केस पांढरे केले होते, आणि आधीचा फुगा तर वर जाताजाताच फाटला होता. दुपारी त्या स्वतः ट्रकमध्ये काकाशेजारी बसल्या.

उघड्या माळावर पेटी त्यांच्या डोळ्यांदेखत अलगद टेकली. पण पॅराशूट सोडवणारा खटका अडकला, कापडात वारा भरला आणि पेटी फरफटत निघाली ती थेट दगडाच्या खाणीकडे. खाणीत तळं साचलेलं. (काका सांगतो तेव्हा ते दर वेळी थोडं खोल होतं.)

"काका, गेलं सगळं," मॅडम म्हणाल्या.

काका ट्रकमधून उतरला आणि धावला. त्याला धावताना घरच्यांनी कधी पाहिलेलं नाही, तेव्हा इथे मॅडमची साक्षच मानावी लागते. दोऱ्या ओढण्याच्या भानगडीत तो पडला नाही. फुगलेल्या कापडाच्या कडेवर त्याने सरळ अंग टाकून दिलं आणि लोळत लोळत सगळा वारा बाहेर काढला. पेटी काठाशी येऊन थांबली.

"मॅडम, उठू का?" पालथं पडल्या पडल्या त्याने विचारलं.

"डिस्क हातात येईपर्यंत हलायचं नाही."

डिस्क शाबूत निघाली. पुढे पडद्यावर रेषा उमटल्या: एका बाजूला वळलेला इलेक्ट्रॉनांचा घोळका, आणि दुसऱ्या बाजूला मोजकेच, पण कुणीही बोट ठेवून दाखवावेत असे पॉझिट्रॉन. मॅडमनी सगळ्यांत आधी फोन लावला तो काकूला. "वहिनी, पुढच्या उड्डाणापर्यंत यांना बारीक होऊ देऊ नका."

त्या दिवशी काकूने ताट भरून वाढलं; काका असा जेवला की जणू पदकच मिळालं. आता शेजारीण विचारते, भाऊजी दिसत नाहीत कुठे? काकू भाजी निवडता निवडता सांगते, "पॉझिट्रॉन आणायला गेलेत." कोपऱ्यावरच्या दुकानातून आणावेत, तसं.