रेणूच्या तोंडात तीळ भिजत नाही

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी कामरगावच्या स्टँडवर कारंज्याची काळीपिवळी जीप भरत होती; तिथून पुढे वाशीमची बस. रेणूने खिडकी धरली आणि शेजारची जागा अश्विनीसाठी अडवून ठेवली. अश्विनी येणार नव्हती. सुमनबाई, तुमची अश्विनी आणि माझी रेणू एका अंगणात वाढल्या, म्हणून हे तुम्हालाच लिहिते. शेतीसाठी मागे राहणारे रेणूचे बाबा एवढंच म्हणाले, "पोरीले जपजो."

रेणू पंधरा वर्षांची, पण समज लहान पोरीची. गावात तिला कोणी वाईट बोललं नाही. फक्त मुली मोठ्या झाल्या आणि ही राहून गेली. घरोघरी भुलाबाईची गाणी झाली की बंद डबा हलवून खिरापत ओळखायची असते, आणि हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. "आमच्या घरी शिरा हाय!" दारातच सांगून मोकळी. आधी मुली हसायच्या. मग "रेणू खेळ नासवते" म्हणत तिला न बोलावताच जाऊ लागल्या. टिपऱ्या वाजायच्या आणि ही चपला घालून दारात उभी राहायची. मला ते बघवेना. म्हणून वाशीमला, अशा मुलींच्या शाळेजवळ, खोली केली.

तिथे तिला मुस्कान भेटली. तिचे पाय अडखळतात, शब्द तर त्याहून जास्त. दोघी मधल्या सुट्टीत एकमेकींची वेणी सोडतात आणि परत घालायला माझ्याकडे येतात. यंदा मी भुलाबाई मांडली आणि शाळेतल्या चार-पाच जणींना बोलावलं. गाणी म्हणताना प्रत्येकीची चाल वेगळी. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. सांगू नको म्हणून रेणूला बजावलं होतं, पण मुस्कान दारात येताच ही ओरडली, "लाडू हायेत!"

मुस्कानने डबा कानाशी धरून हलवला, बराच विचार केला आणि म्हणाली, "ला... डू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरीने डबा मागितला. तिनेही ओळखलं! मग तिसरीने. खेळ नासला असं एकीलाही वाटलं नाही. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन पोटभर रडले.

पण सुमनबाई, रेणू शाळेत गेली की खोली खायला उठते. इथे मी फक्त 'रेणूची मम्मी'. फाटकाशी बाया दोन शब्द बोलतात आणि स्कूटीवर निघून जातात. माझं नाव अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही फोनवर विचारता, करमतं का? मी हो म्हणते. नाही करमत.

दिवाळीत गावी आलो. अश्विनी आली, रेणूसोबत सेल्फी काढला आणि मैत्रिणींकडे गेली. रेणू तिच्यामागे दारापर्यंतही गेली नाही. तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "माय, चाल ना आता घरी."

तिच्या बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मंग हे कोनाचं घर हाय वं?"

"तुमचं," ती हसून म्हणाली.

तुम्ही तेव्हा आमच्या ओट्यावरच होता. "आजून दोन दिस राह्य ना वं," म्हणालात. मलाही राहायचं होतं. कितीतरी महिन्यांनी कोणाशी निवांत बसून बोलले होते.

"नाही बाई," मी म्हटलं, "पोरीची मैतरीण वाट पाहून राह्यली."

हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून मी घर सोडलं होतं. बोलले, आणि तुमच्याकडे न बघता आत कपडे भरायला गेले.