गडावरचे पाव्हणे

माझ्या आत्याने जेवढी देवळं पाहिली तेवढी आमच्या घरात कुणीच पाहिली नाहीत, पण एकाही देवळातला देव तिने नीट पाहिला नसेल. रतनवाडीच्या कोरीव देवळात आम्ही सगळे नक्षी बघत माना मोडून घेत होतो, तेव्हा ती बाहेर गोसाव्यांच्या रांगेपुढे उभी राहून एकेकाचं तोंड न्याहाळत होती. अकोल्यात तेच, शिर्डीत तेच. तिला तिचा नवरा शोधायचा होता.

आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा एका सकाळी गुरांना पाणी दाखवून घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. बैराग्यांच्या मागे जायची ओढ त्यांना आधीपासून होती, म्हणून कुठल्याशा डोंगरात जाऊन बसले असतील असं सगळ्यांनी धरलं. आत्या नेवाशाजवळच्या आमच्या गावी, माहेरी येऊन राहिली. रोज सकाळी मेण लावून रुपयाएवढं कुंकू रेखायची आणि कामाला लागायची. तिच्या पिशवीत कायम गुळाचा खडा असायचा, कारण जेवण झालं की मामांना गूळ लागायचा. मी लहानपणी तो किती वेळा पळवून खाल्ला, ती कधी रागावली नाही. दुसरा ठेवायची.

सत्तर साल उलटलं आणि मामांना जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून तो जाळायचा, दहावा-तेरावा घालायचा, अशी रीत आहे. वडील सज्जन होते, पण रीतीला पक्के. दर पितृपंधरवड्यात ते अस्वस्थ व्हायचे. माणूस गेला असेल तर त्याला घासभर अन्न मिळत नाही, आपल्या दारात त्याचा जीव अडकून पडलाय, असं ते म्हणायचे. मी तेव्हा नुकती मॅट्रिक झाले होते आणि जिभेला हाड नव्हतं. पुतळा जाळला की आत्याचं कुंकू पुसणार, बांगड्या फुटणार, संक्रांतीला तिला कुणी बोलावणार नाही, हे मला दिसत होतं. मी वडिलांशी भांडले. "मेलेल्याला घास मिळावा म्हणून जिवंत बाईला उपाशी मारता का?" असं म्हणाले. त्यांनाही ते सोपं नव्हतं, हे मला त्या वयात कळत नव्हतं.

माघात नात्यातल्या एकाने बातमी आणली. हरिश्चंद्रगडावर एक मौनी बैरागी आहे, उंचीने मामांसारखा, तसंच नाक.

आत्या वडिलांपुढे उभी राहिली. "एकदा बघू दे, दादा. मंग तू म्हणशील ते."

"हा शेवटचा गड, बाई," वडील म्हणाले. "तिथं न्हाई घावले, तर खाली उतरल्यावर प्रवरेच्या घाटावर विधी करायचा. पुन्हा कुठं जायचं न्हाई."

"व्हय," ती म्हणाली.

बाईमाणसाला सोबत म्हणून मला घेतलं. एसटीने कोतुळापर्यंत गेलो आणि पुढे पाचनईपर्यंत पायी. तिथे एका कोळ्याच्या घरी मुक्काम केला आणि महाशिवरात्रीच्या सकाळी त्याच्याच मागून गड चढायला लागलो. आम्ही सपाटीची माणसं, नांगरटीच्या ढेकळांखेरीज चढ ठाऊक नाही. एका बाजूला काळ्या कातळाची भिंत, दुसरीकडे खोल दरी. वडील दर वळणावर धापा टाकत "शंभो" म्हणायचे. आत्या मात्र नऊवारीचा काष्टा आवळून सगळ्यांच्या पुढे. तिला एवढ्या घाईत मी कधीच पाहिलं नव्हतं.

वर पोचलो आणि मी बघतच राहिले. डोंगराच्या कुशीत ते दगडी देऊळ उभं होतं, शिखरापासून पायापर्यंत कोरलेलं. पुढ्यात पायऱ्यांचं कुंड, अंगाला लेणी, आणि गडाच्या पडक्या तटाचे दगड गवतात विखुरलेले. राजे गेले, शिबंदी गेली, तोफा गेल्या, आणि लोक अजून बेल घेऊन चढत होते. जरा खाली केदारेश्वराची गुहा आहे. आत कंबरभर बर्फासारखं पाणी, त्यात माणसापेक्षा उंच पिंड आणि भोवती चार खांब, त्यातला एकच धड उरलेला. वडिलांनी त्या पाण्यात उतरून कुडकुडत प्रदक्षिणा घातली. आत्या काठावरच उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत होती.

"देवाकडं तरी बघ गं," वडील दात वाजवत म्हणाले.

"तू बघितला न्हवं? पावला मला," ती म्हणाली.

कोळीदादा आम्हाला शेवटच्या लेण्याकडे घेऊन गेला. "बाबा आत हायेत. पर बोलायचे न्हाईत," त्याने आधीच सांगितलं.

आत धुनी होती. धुनीमागे एक उंच माणूस बसलेला, छातीपर्यंत दाढी, डोळे मिटलेले. नाक मामांसारखं होतं खरं. आत्या वाकून समोर बसली आणि बघत राहिली. मग तिने पिशवीतून गुळाचा खडा काढून पुढे धरला.

बैराग्याने डोळे उघडले आणि उजवा हात पसरला.

मामांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती. आमच्याच अंगणात कडबा तोडताना कुऱ्हाडीखाली गेली होती, आणि वडिलांनीच हळद दाबून पंचा बांधला होता. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. या हाताची पाचही बोटं शाबूत होती. धुनीच्या उजेडात ती मला दिसली, वडिलांना दिसली, आणि त्या तळव्यावर गूळ ठेवणाऱ्या आत्याला तर सगळ्यांत जवळून दिसली.

आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हेच हायेत," ती म्हणाली.

माझ्या तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. "त्यांनी संन्यास घेतलाय, दादा. घरी चला म्हणायचं न्हाई. पण हेच हायेत," ती पुन्हा म्हणाली.

मी वडिलांकडे बघत होते. खोटं त्यांना आयुष्यात कधी चाललं नव्हतं, आणि इथे तर देवाच्या दारात, उपवासाच्या दिवशी. त्यांच्या धोतराचं पाणी अजून कातळावर ठिबकत होतं. मग ते पुढे झाले, वाकले आणि त्या परक्या माणसाच्या पायाला हात लावला.

"येतो, पाव्हणं," ते म्हणाले.

बैराग्याने गूळ तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. उतरताना वडिलांनी कातळावरच्या अवघड जागी आत्याला हात दिला. मी मागून रडत उतरत होते, आणि मला वडिलांचा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही. घाटावरच्या विधीचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही. गावाला वडिलांनी स्वतःच सांगितलं, "गडावर भेटले. बरे हायेत."

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला वडिलांनी कावळ्यांसाठी पानं मांडली. आजोबांचं, आजीचं, चुलत्यांचं. आणि भिंतीच्या कडेला आणखी एक. ते कुणाचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. वाढायला आत्याच होती, कपाळावर ताजं कुंकू, हातात हिरवा चुडा. ओळीने वाढत ती त्या शेवटच्या पानापाशी आली आणि थबकली. मग भात वाढला, वडा वाढला, खीर वाढली. पिशवीतून गुळाचा खडा काढून पानाच्या कडेला ठेवला आणि पदर डोक्यावरून घेऊन पानाला वाकून नमस्कार केला.