श्रावणी सोमवारची आंबील

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला शस्त्रक्रियेपेक्षा न्याहारीचंच जास्त दडपण आलं होतं. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ आडवी वाढून हाडात रुतली होती आणि तिच्याभोवती पू झाला होता. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. निफाडला लवंग, हळद, सगळं करून झालं, तेव्हा मुलगा येऊन मला नाशिकला, गंगापूर रोडवरच्या त्याच्या घरी घेऊन आला. तिथल्या दातांच्या डॉक्टर तरुण, पण बोलायला ठाम. औषधांनी सूज थोडी उतरल्यावर त्यांनी सोमवारची सकाळ दिली आणि बजावलं, "हिरडी उघडून दाढ तुकड्यातुकड्यांनी काढावी लागेल. भूल फक्त तेवढ्या भागाला देणार आहे, म्हणून खाऊन, शुगरची गोळी घेऊनच या. उपाशी आलात तर मी परत पाठवीन. आणि लांबवलंत तर सूज गळ्याकडे उतरेल."

सोमवार, आणि तोही श्रावणातला. मुलगा लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा मी महादेवाला हा उपास बोलले होते. दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्यानंतर एकही श्रावणी सोमवार चुकला नव्हता. शुगर निघाल्यावर मुलाने पुष्कळ समजावलं, पण माझा हट्ट तसाच राहिला. आता मात्र एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला देव, अशी माझी ओढाताण चालली होती.

सकाळी सुनेने, अश्विनीने, माझ्यासाठी मऊ खिचडी केली. "आई, देवाला सगळं कळतं. दोन घास खाऊन घ्या," ती म्हणाली.

"देवाला कळतं गं. माझ्याच मनाला कळत नाही."

तिने खिचडीवर झाकण ठेवलं, गोळ्या माझ्या पर्समध्ये टाकल्या आणि स्कूटर काढली. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत महादेवाचं एक लहानसं देऊळ आहे. ती मेडिकलमधून औषधं आणेपर्यंत मी तिथे थांबते म्हणाले. बेलाच्या पानांखाली पिंड झाकून गेली होती. हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना. शेवटी एवढंच म्हणाले, "माझ्याने ठरवणं होत नाही. आता तूच बघ." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच देवासमोर काहीही न ठरवता मी बाहेर आले.

पायरीवर माझ्याच वयाची एक बाई किटली घेऊन बसली होती. मला पाहताच उठली. "ताई, येवढी आंबील घ्या ना. पण तुमचाबी उपासच असंल."

मी तेच सांगायला तोंड उघडणार होते. पण तिचा चेहरा इतका सुकलेला होता की आधी विचारलं, "तुम्ही इथे कशा?"

मग तिने सांगितलं. ती पेठ तालुक्याकडची. जावई इथेच एका इमारतीच्या कामावर आहे आणि लेक समोरच्या दवाखान्यात बाळंतीण झाली होती. कळा दोन दिवस चालल्या, तेव्हा हिने नवस बोलला होता. "लेक सुखरूप मोकळी झाली तर देवाच्या दारात कुण्या बाईला माझ्या हातचं खाऊ घालीन, मगच पाणी पिईन म्हणले. काल नात झाली. आज पहाटे नागलीची आंबील केली. आता सोमवार हाय ते ध्यानातच नाय आलं माझ्या. जी येती ती म्हणती उपास हाय."

हे सांगता सांगता तिला हसू फुटलं आणि मलाही. ठणकत्या जबड्याने किती दिवसांत हसले नव्हते. तिच्या नवसाला माझ्या नवसाचाच अडसर होता. मी तोंड फिरवलं असतं तर ही माउली संध्याकाळपर्यंत तशीच तहानलेली बसली असती. मला घास चावता येत नव्हता आणि तिच्या किटलीत पातळ, गार, ताकातली नाचणीची आंबील होती. मी पायरीवर बसले, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि पेला ओठाला लावला. तिने तो पुन्हा भरला. मग मी पर्समधली गोळी घेतली. ती समाधानाने बघत होती, आणि मी पेला खाली ठेवल्यावरच तिने नळाला ओंजळ लावली. तेवढ्यात अश्विनी परतली. आम्हा दोघींना पाहून ती माझ्या शेजारी टेकली आणि पदराने माझे ओठ टिपले.

दवाखान्यात शुगर तपासली, ती व्यवस्थित निघाली. "काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं. आंबील म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "उत्तम." खुर्ची मागे झुकली, यंत्राची घरघर सुरू झाली, जबड्यावर दाब जाणवत राहिला. मला वाटलं होतं मी रामरक्षा म्हणेन, नाहीतर रडेन. पण मनात सारखी ती बाई हसत होती. दाढ निघाली, टाके पडले, आणि मी कापसाचा बोळा दाताखाली धरून बाहेर आले.

अश्विनी म्हणाली, "आता घरी जाऊन बर्फ लावायचा." मी नकारार्थी मान हलवली आणि मागच्या गल्लीतल्या, देवळासमोरच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. तिने सुस्कारा सोडला, पण नेलं. आजीने नात माझ्या मांडीवर ठेवली. माझा एक गाल फुगलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाळाने माझ्याकडे बघत भलं मोठं बोळकं उघडून जांभई दिली, तशा आम्ही सगळ्याजणी हसायला लागलो. मी तिच्या टाळूवर हात ठेवला. आशीर्वाद द्यायला शब्द लागतातच असं नाही.

माझा उपास मोडला की पुरा झाला, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. एवढंच कळलं की मी देवाच्या हाती सोपवलं तेव्हा त्याने मला एकटीला नाही, दोघींना जेवू घातलं. पुढच्या सोमवारी अश्विनीने सकाळीच मऊ भात वाढला. मी ताटाला नमस्कार केला, तिलाही शेजारी बसवलं, आणि आम्ही दोघी पोटभर जेवलो.