कुलूप लावलेल्या घरातला कस्टमर

"मडावी, हा फोटो तूच काढलास ना?" जाधव सरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

"हो सर. आज सकाळी, आठ वाजून तीन मिनिटांनी."

"रिपोर्टमध्ये काय लिहिलंस?"

"कस्टमर ड्युटीवर गेला. घराला कुलूप."

सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पत्र्याचं हिरवं दार. दाराला कुलूप. शेजारी जाळीची खिडकी. आणि जाळीच्या मागं, पार खालच्या कोपऱ्यात, चौकटीला टेकलेला एक चेहरा. अर्धा हसत होता. अर्धा नाही.

"मग हा कोण?"

मी फाइल उघडून कस्टमरचा पासपोर्ट फोटो शेजारी ठेवला. डाव्या भुवईवर तीच जुनी खोक. दिलीप साळवे. आणि त्याच साळव्यांना आठला दहा कमी असताना मी माझ्यासमोरून मोटारसायकलवर जाताना बघितलं होतं.

"भाऊ असेल जुळा," सर म्हणाले. पण हसले नाहीत.

मी घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत फील्डवर आहे. हप्ता थकला की आम्ही दारात जातो. एक हप्ता थकला की खातं पहिल्या बकेटमध्ये, दोन थकले की दुसऱ्या. नव्वद दिवस उलटले की खातं बुडीत धरतात, आणि मग घर ताब्यात घ्यायची नोटीस निघू शकते. आपण खरंच गेलो होतो हे दाखवायला घराचा फोटो ॲपवर टाकावा लागतो. सकाळी आठच्या आत दार वाजवायचं नाही, फोनही करायचा नाही, हा नियम. साळव्यांचे अठ्ठ्याहत्तर दिवस झाले होते.

माझं शिक्षण नववी, तीही अर्धी. गाव गडचिरोली जिल्ह्यात, इथून एक रात्र आणि वर अर्धा दिवस. या शहरात आलो तेव्हा एका मेसमध्ये ताटं उचलायचो. जाधव सर तिथं जेवायला यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "पत्ते लक्षात राहतात का रे तुझ्या?" राहतात म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हातात बॅग दिली. ते उपकार मी विसरलो नाही, आणि ती बॅग कोणत्याही दिवशी परत मागतील ही भीतीही कधी गेली नाही. म्हणून रिपोर्टमध्ये चूक निघाली की माझा हात आधी बॅगेवर जातो.

साळवे पडेगावच्या मागच्या बाजूला राहायचे. दोन खोल्या, वर स्लॅब, गल्ली कच्ची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. त्या आठवड्यात मी तीनदा गेलो, आणि तिन्ही वेळा एकच झालं. मी कोपऱ्यावर आठ वाजायची वाट बघत उभा. आठला दहा कमी असताना हिरवं दार उघडायचं. निळा युनिफॉर्म, हातमोजे, काळ्या काचेचं हेल्मेट घातलेला माणूस बाहेर यायचा. कुलूप लावायचा. गाडी चालू न करता ढकलत कोपऱ्यापर्यंत आणायचा. चालताना बुटांचा आवाज यायचा, टप, घस. टप, घस. मला बघून एक हात वर करायचा आणि किक मारून निघून जायचा. बोलायचा नाही. काच वर करायचा नाही. तारेवर दुसरा युनिफॉर्म नेहमी ओला असायचा.

कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या टेलरचं दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी त्यांना विचारलं होतं.

"जाताय ना, रोज जाताय," चाचा म्हणाले. "घड्याळ मिला लो उसपे. सलाम करताय, बात नै करता."

"का बोलत नाही?"

"लोन लियेला आदमी क्या बात करींगा बाबा?"

शेजाऱ्याची साक्ष मिळाली, फोटो मिळाला. माझ्या हिशेबानं काम झालं होतं. पण आता तो फोटो सरांच्या मोबाईलवर होता.

सरांनी माझ्यासमोरच कंपनीच्या गेटवर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"साळवे?" सिक्युरिटीवाला म्हणाला. "नाय येत तो. पाच महिने झाले. ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला त्याच्या जागी."

"रोज घरून निघतो की."

"निघत आसंल. हितं पोचत नाय."

सरांनी फोन ठेवला. "उद्या जा. कोण राहतं, कोण जातं, सगळं बघून ये. बारा दिवस राहिलेत. मग मी नोटीस काढणार."

रात्रभर डोळ्यांपुढं तो अर्धा हसणारा चेहरा.

सकाळी पुन्हा कोपऱ्यावर. आठला दहा कमी. दार उघडलं. निळा युनिफॉर्म, हेल्मेट. कुलूप. टप, घस. हात वर झाला. माझाही हात आपोआप वर गेला. गाडी गेली. मी दारापर्यंत गेलो आणि आठ वाजेपर्यंत थांबलो. गल्लीत कोणी नव्हतं. तारेवरच्या युनिफॉर्ममधून पाणी टिपकत होतं. मोबाईलवर आठ झाले तसा मी साळव्यांचा नंबर लावला.

रिंग घराच्या आत वाजली.

कुलूप माझ्या हाताला लागत होतं इतक्या जवळ मी उभा, आणि आत फोन वाजतोय. मग वाजायचा थांबला. माझ्या मोबाईलवर सेकंद पळायला लागले. कोणीतरी उचलला होता.

"साळवे साहेब?"

नुसता श्वास. ओला, जड. मग आवाज आला. टक.

"कोण बोलतंय?"

टक. टक.

तो आवाज मला दोनदा ऐकू येत होता. आधी दारातून, आणि एका क्षणानं उशिरा फोनमधून. मी फोन कानापासून दूर केला, तरी दारामागचा टक थांबला नाही. आणि मग माझ्या मागून, गाडीचा काही आवाज नसताना, आलं: टप, घस. टप, घस.

मी वळलो. हेल्मेट माझ्यापासून हातभर लांब. काळ्या काचेत मला मीच दिसलो, बारका, बॅग छातीशी धरलेला. त्या माणसानं हातमोजा काढला, खिशातून किल्ली काढली, माझ्या बाजूनं हात घालून कुलूप उघडलं.

"आत या, भाऊ," हेल्मेटमधून बाईचा आवाज आला. "हितं उभं नका राहू. लोक बघत्यात."

आत जाऊन तिनं हेल्मेट काढून खिळ्याला अडकवलं. डोक्याला घट्ट ओढणी बांधलेली. सुनीताताई, साळव्यांची बायको. खिडकीला लागून लोखंडी पलंग. पलंगावर साळवे. उजवी बाजू पूर्ण गेलेली, तोंड वाकडं, वाचा बंद. डाव्या हातात स्टीलचा चमचा, त्यानं ते पलंगाच्या पाइपवर वाजवायचे. उशीजवळ मोबाईल.

"एकदा वाजवलं की व्हय, दोनदा वाजवलं की नाय," ती म्हणाली. "फोन उचलायला मीच सांगितलंय. उचलला नाय तर तुमची माणसं येत्यात म्हणून. भ्यालात व्हय?"

"लई."

"मी पण. पाच महिने झाले."

तिनं बूट काढले. नवऱ्याचे सेफ्टी शूज, पुढं चिंध्या कोंबलेल्या. ती दौलताबाद रोडच्या एका धाब्यावर भाकऱ्या थापायला जायची. आधी शेंद्र्याच्या दिशेला तोंड करून निघायची, मग मागच्या रस्त्यानं वळून धाब्यावर. अकरा वाजता येऊन नवऱ्याला कुशीवर वळवायची, भरवायची, परत जायची. पोरीला कन्नडला आईकडं ठेवलं होतं. दोन हप्ते गळ्यातलं मोडून भरले. त्यापुढं जमलं नाही. आधी कधी मी हात केला नव्हता; आज माझा हात वर झालेला बघून तिला शंका आली, म्हणून कोपऱ्यापलीकडं गाडी लावून मागं फिरली होती.

मी विचारलं, "पण हे सोंग कशाला, ताई? ब्रांचला सांगायचं ना, आजारी आहेत म्हणून."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमीच तर सांगितलं व्हतं."

"मी?"

"चार वर्षांमागं. लोन घेताना तपासायला तुमीच आल्ते. तिथं बसून चहा पिला. ह्यांनी विचारलं, घर हातात राहावं म्हणून काय काय करावं लागतंय? तुमी हसले. म्हणले, काय नाय, शेजाऱ्यांना माणूस रोज ड्युटीला जाताना दिसला पायजे. तेवढ्यावर लोन टिकतंय." तिनं खिळ्यावरच्या हेल्मेटकडं बघितलं. "मग मी तेवढं टिकवलं."

पलंगावरून आवाज आला. टक. व्हय.

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. लोन द्यायच्या आधी आम्ही घरी जातो, शेजाऱ्यांना विचारतो, माणूस कामाला जातो का. तेव्हा चहा पिताना मी असलं काहीतरी सगळ्यांकडंच बोलायचो. बोलून चप्पल घालून निघून जायचो.

तिनं विचारलं, "आता घर जाईल का?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि या वेळी मी माहीत असल्यासारखं बोललो नाही. दवाखान्याचे सगळे कागद मागून घेतले आणि निघालो.

लोन देताना बऱ्याचदा सोबत विमा लावतात. त्याचे पैसे लोनमध्येच धरलेले असतात, म्हणून कस्टमर आम्हाला शिव्या देतो आणि मग तो कागद विसरतो. आम्हीही विसरतो. आमच्या ॲपवर थकलेले दिवस दिसतात, विमा दिसत नाही. काही विमे फक्त मृत्यूवर मिळतात. काहींत मोठे आजार असतात. ब्रांचच्या कपाटातून मी साळव्यांची फाइल काढली. कागद सापडला, चार पानं, सगळं इंग्रजी. दवाखान्याच्या कार्डावर एक शब्द होता. तो शब्द मी बोट ठेवून त्या चार पानांत शोधला, अक्षराला अक्षर लावत. तिसऱ्या पानावर सापडला. स्ट्रोक.

जाधव सरांनी कागद दोनदा वाचला. "बसतंय. तीन महिन्यांनंतरही लुळेपणा राहिला असेल तर बसतंय. पण कळवायची मुदत गेली."

"उशिराचं कारण लिहून देता येतं ना सर?"

"येतं. काय लिहिणार? बाई नवऱ्याचे कपडे घालून फिरत होती?"

"तिला आपल्या माणसानं चुकीचं सांगितलं होतं, असं लिहू."

"आपल्या म्हणजे कोणाच्या?"

"माझ्या."

सरांनी पेन खाली ठेवलं. "वर जाईल हे पत्र. तुझ्यावर येईल, मडावी. नववी नापास माणूस ठेवला म्हणून माझ्यावरही येईल."

"नापास नाही सर. अर्धी सोडली."

"तेच ते," सर म्हणाले, आणि कोरा कागद माझ्याकडं सरकवला.

मी मराठीत लिहिलं, सरांनी इंग्रजी केलं. खाली साळव्यांचा डाव्या हाताचा अंगठा. नव्वद दिवस व्हायला सहा दिवस असताना सुनीताताईनं मोटारसायकल विकून दोन हप्ते भरले, त्यामुळं खातं मागं आलं आणि नोटीस थांबली. विमा कंपनीचा माणूस येऊन पलंगाशी बसून गेला. मेंदूच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट दोनदा परत आलं, दोनदा मी नेऊन दिलं. पावणेचार महिन्यांनी क्लेम पास झाला. लोनचा बराचसा भाग त्यातून फिटला. जे थोडं राहिलं त्याचा हप्ता भाकऱ्यांच्या मजुरीत बसतो. पोरगी कन्नडहून परत आली. मला मेमो मिळाला. तो मी ट्रंकेत जपून ठेवलाय. बॅग कोणी परत मागितली नाही.

तुमच्या घरावर लोन असेल तर एवढं करा. लोनची फाइल आजच काढा आणि आत विम्याचा कागद आहे का बघा. इंग्रजी येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या. कमावता माणूस आजारी पडला तर पहिल्या आठवड्यात ब्रांचला लेखी कळवा आणि शिक्का मारलेली प्रत ठेवा. लपवू नका. चहा पिताना आमच्यासारखा कोणी काही बोलला, तर ते लिहून मागा.

आणखी एक सांगायचं राहिलं.

क्लेमचं पत्र द्यायला मी सकाळीच गेलो होतो. गाडी विकून चार महिने होत आले होते. आठ वाजायचे होते म्हणून सवयीनं कोपऱ्यावर थांबलो.

"देर करदी तुमने," चाचा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "अब्बी गया वो. हेल्मेट पेहेनको. सलाम बी किया."

मी गल्लीत बघितलं. तारेवर पोरीचा शाळेचा ड्रेस वाळत होता. हिरवं दार उघडंच होतं. मी आत गेलो. सुनीताताईचे हात पिठाचे, साळवे पलंगावर, हेल्मेट खिळ्यावर. हेल्मेटवर चार महिन्यांची धूळ होती. मी बोट लावून बघितलं.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो. 'शेजाऱ्यांनी पाहिलं का?' पूर्वी मी तिथं 'हो' लिहायचो. आता आत जाऊन माणूस बघतो, मगच पेन काढतो.