न धुतलेलं शेवाळ

ड्रायव्हर आता बस चालवत नव्हता, तरी सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. उभी हयात किनाऱ्याच्या रस्त्यावर बस हाकण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तो बायकोच्या राज्यात मुक्कामाला आला. राज्य म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं सेंद्रिय शेत. त्यात भाजीचे वाफे, कोंबड्यांचं खुराडं आणि पाहुण्यांसाठी तीन खोल्या. रात्री झोपा, सकाळी नाश्ता करा, हवं तर वाफ्यात हात मळवा. वाफे बायकोकडे, खोल्या आणि नाश्ता ड्रायव्हरकडे. हातात ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून पाठमोरा बाहेर पडताना तो अजूनही तोंडाने ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचा.

माणूस सरळ. एकदा बसमध्ये एका म्हातारबुवांची कवळी राहिली, रुमालात गुंडाळलेली. याने भरलेली बस वळवली आणि कवळी घरपोच केली. उतारू तोंडाला येईल ते बोलले. पण म्हातारबुवांनी कवळी बसवून जो आशीर्वाद दिला, तो शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू गेला. ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला येई, आणि प्रत्येक वेळी बायको आतून ओरडे, “अहो, त्यांना खाऊ द्या की! कवळी कुठे पळून जात नाही.”

भरती ओसरली की वाळूवर शेवाळाचे ढीग पडत. ते हातगाडीत भरून आणायचं, विहिरीजवळच्या फरशीवर पसरायचं, गोड्या पाण्याने खळखळून धुवायचं, उलटंपालटं करून पुन्हा धुवायचं, निथळलं की रोपांच्या बुडाशी अंथरायचं. माती गार राहते, तण माजत नाही, पुढे त्याचंच खत होतं. बायकोचा कायदा एकच होता. न धुतलेलं शेवाळ वाफ्यावर पडता कामा नये. मीठ मुळाला लागलं की रोप गेलंच.

त्या दिवशी बायको बाजाराला गेली होती आणि टीव्हीवर मॅच लागली होती. ड्रायव्हर हातगाडी ढकलत फरशीपाशी आला, तेवढ्यात आतून एवढा गलका उठला की त्याच्या पायांनी आपणहून घराची वाट धरली. मग गाडीची आठवण होऊन तो मागे फिरला. पाण्याच्या नळीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि शेवाळ जसंच्या तसं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर पसरून मोकळा झाला. मनाची समजूतही काढली. संध्याकाळी नर्सबाई पाणी घालणारच आहेत, आपोआप धुऊन निघेल.

धुऊन निघालंच. बरंचसं मीठ थेट मुळाशी जाऊन बसलं. आणि एवढं करून आपली टीम मॅचही हरली.

या नर्सबाई दरवर्षी येणाऱ्या पाहुण्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दुसऱ्या शहरात, आणि आपल्या घरात एकटीने राहण्याचा त्यांना कोण अभिमान! ड्रायव्हर त्यांना ताई म्हणे, त्या त्याला भाऊ, म्हणून बायको आपसूक वहिनी झाली. आल्या की वहिनींकडून काम मागून घेत. यंदा स्ट्रॉबेरीला पाणी घालण्याचं काम त्यांच्याकडे होतं. विहिरीपाशी दोन झाऱ्या असत. हिरवी पाण्याची, आणि लाल झारीत किडीसाठी कालवलेलं साबणाचं घट्ट पाणी.

काही दिवसांनी सकाळी बायको वाफ्यापाशी मटकन बसली. पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या, फळं सुरकुतली होती.

“हे काय झालं गं बाई!” ती म्हणाली. “कुणी लाल झारी ओतली की काय यावर?”

तिने सहजच विचारलं होतं. पण मागे उभ्या असलेल्या नर्सबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“मीच ओतली असणार,” त्या म्हणाल्या. “परवा अंधारून आलं होतं. चष्मा खोलीत राहिला होता. मला वाटलं, मी हिरवीच उचलली.”

“जाऊ द्या हो ताई, रोपं काय, पुन्हा लावता येतात.”

“तसं नव्हे वहिनी. अख्खी नोकरी वॉर्डात काढली, कधी चुकीची बाटली उचलली नाही. आणि आता झारी ओळखू येईना.”

ड्रायव्हर तिथेच होता, हातात अंड्यांची टोपली घेऊन. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही त्याने, आणि बाहेर काय पडलं? “अंडी उकडू की तळू?”

तिथून त्याचे हाल सुरू झाले. नर्सबाई नाश्त्याला दोन अंडी खात, दुसरं अंडं म्हणजे सुट्टी असं म्हणत. आता दुसरं पुढे केलं की म्हणत, “नको भाऊ, मी आधीच खूप नुकसान केलंय तुमचं.” टेबलावर जॅमची बरणी होती, त्याच वाफ्यातल्या गेल्या हंगामातल्या फळांची. तिला त्या हात लावीनात. स्वतःची ताटली स्वतः विसळत. एकदा तर ड्रायव्हरने त्यांना खुराडं झाडताना पाहिलं आणि त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नव्या पाहुण्यांनी विचारलं, “काका, तुम्ही बस चालवायचात ना? काही गमतीजमती सांगा की.” त्याने कवळीची गोष्ट सुरू केली आणि म्हातारबुवांच्या घरापाशी पोचायच्या आधीच थांबवली. बायकोने आतून डोकावून पाहिलं. “बरं नाही का तुम्हाला?”

आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता त्याने एक सोयीचा हिशोब मांडला होता. ताई दोन दिवसांत जातील, विसरतील, पुढच्या वर्षी येतील तोवर नवी रोपं फळाला आलेली असतील. पण निघायच्या सकाळी नर्सबाई चहा ढवळत म्हणाल्या, “वहिनी, पुढच्या वर्षी काही माझं येणं व्हायचं नाही. मुलगा किती दिवस मागे लागलाय, आई, घर विकून टाक, तू विसरायला लागली आहेस, माझ्याकडे ये. मी त्याला वेड्यात काढायचे. काल फोन करून सांगितलं, तुझं बरोबर आहे. आज झारी चुकले, उद्या गॅस चालू ठेवून झोपेन.”

ड्रायव्हरच्या हातातली किटली टेबलावर आदळली.

“ताई, तुम्ही झारी चुकला नाहीत. मी शेवाळ धुतलं नाही.”

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. नर्सबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी तरारलं.

“भाऊ, किती मोठं मन हो तुमचं! माझं ओझं आपल्या अंगावर घेताय.”

“अहो कसलं मोठं मन! मॅच बघत होतो!”

“कवळी पोचवायला बस वळवणारा माणूस तुम्ही. तुम्ही असं करालच कसं?”

आता आली का पंचाईत! जन्मभर जमवलेला चांगुलपणा नेमका आडवा आला. ड्रायव्हर तसाच धावत वाफ्यावर गेला आणि करपलेल्या रोपांच्या बुडातलं वाळकं शेवाळ मूठभर उपटून आणलं. त्यावर मिठाचा पांढरा थर चढला होता. ते एका बशीत ठेवून पुढे सारत तो म्हणाला, “चाखा. साबण लागतो का सांगा.”

नर्सबाईंनी जिभेचं टोक लावलं. मग पुन्हा लावलं. डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

“हे तर नुसतं मीठ आहे.”

“हो.”

“आणि त्या दिवशी सकाळी तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं.”

“मी खुराडं झाडत होते तेव्हाही?”

बायको म्हणाली, “मला फसवलंत ते आपण नंतर बघू. यांना फसवलंत, याची लाज कशी वाटली नाही हो?”

“वाटत होती की. म्हणून तर तोंड उघडेना.”

“काय ते कौतुक तुमच्या लाजेचं!”

नर्सबाईंनी पर्समधून फोन काढला, मुलाला लावला आणि ड्रायव्हरपुढे धरला. “सांगा त्याला. माझ्या तोंडून त्याला खरं वाटायचं नाही.”

ड्रायव्हरने सांगितलं. शेवाळ, मॅच, दोन्ही झाऱ्या, सगळं. मग मुलगा म्हणाला, “काका, काल दिवसभर खपून मी तिची खोली रंगवली. आज पडदे लावले.” आवाजात राग नव्हता, त्यामुळे ड्रायव्हरला जास्तच लागलं. नर्सबाईंनी फोन परत घेतला. “पडदे राहू देत. सुट्टीत येईन राहायला. घर विकायचं नाही, समजलं?”

मग त्या खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, “दुसरं अंडं आणा. आणि जॅम.”

त्या दिवशी त्या गेल्याच नाहीत. दुपारी भरती ओसरल्यावर ड्रायव्हर हातगाडी भरून आला, तर फरशीपाशी खुर्ची टाकून नर्सबाई चष्मा लावून बसलेल्या. बायको शेजारी जुनी रोपं उपटत होती, त्याच्याकडे न बघता. त्याने शेवाळ धुतलं, उलटं केलं, पुन्हा धुतलं. नर्सबाईंनी एक तुकडा उचलून जिभेला लावला.

“खारट आहे. परत.”

त्याने परत धुतलं.

“अजून लागतंय.”

त्या आत चहाला गेल्या तेव्हा त्याने हळूच एक तुकडा चाखून पाहिला. खारटपणाचा मागमूस नव्हता. ड्रायव्हरने एकवार घराकडे पाहिलं, नळी उचलली आणि ढीग पुन्हा उलटा करायला घेतला.